बंदी आणि जोडणी

बैलाचे खच्चीकरण होते, भटक्या कुत्र्याचे निर्बीजीकरण होते, पुरुषाची नसबंदी होते आणि बाईचे नुसते ‘ऑपरेशन’ होते. चारही शब्दांच्या मुळाशी संतती थांबवणे ही एकच गोष्ट आहे. पण मराठीने त्यांची वाटणी कशी केली आहे ते पाहण्यासारखे आहे. ‘निर्बीजीकरण’ हा महापालिकेच्या फायलीतला, संस्कृतातून घडवलेला, कोणालाही न दुखवणारा शब्द. ‘खच्चीकरण’ गोठ्यातून निघाला आणि थेट अग्रलेखांत जाऊन बसला. आज कार्यकर्त्यांचे, शिक्षकांचे, पोलिसांचेही ‘मानसिक खच्चीकरण’ होत असते. बाईच्या बाबतीत मात्र शब्दच लागत नाही. खेड्यात काय किंवा मुंबईच्या एखाद्या पाड्यावर काय, दोन-तीन लेकरांच्या आईला कोणी “ऑपरेशन झालंय का?” असे विचारले, तर कशाचे, असा उलट प्रश्न ती करत नाही. आतड्याचे, डोळ्याचे, हृदयाचे ऑपरेशन सांगावे लागते; हे एकच असे आहे की ते सांगावे लागत नाही.

राहिला ‘नसबंदी’. हा शब्द हिंदीच्या वाटेने आपल्याकडे आला आणि त्याचे दोन्ही अवयव फसवे आहेत. मराठीत ‘नस’ म्हणजे रक्ताची शीर किंवा मज्जातंतू. आपण दुखऱ्या नसेवर बोट ठेवतो, प्रतिपक्षाची नस पकडतो, एखादी गोष्ट आपल्या नसानसांत भिनलेली असते. अशी नस कापायची म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात आधी रक्त आणि मग दुर्बळपणा उभा राहिला तर त्यात त्याचा दोष नाही. प्रत्यक्षात या शस्त्रक्रियेत कोणत्याही नसेला हात लावला जात नाही. जिला छेद दिला जातो ती शुक्रवाहिनी. वृषणात तयार झालेल्या शुक्रपेशी वर नेणारी ही नळी प्रत्येक बाजूला एक अशी असते, बाहेरून दोन-तीन मिलिमीटर जाड आणि आतून जेमतेम सुईच्या नेढ्याएवढी. ती कापून दोन्ही टोके बंद केली की वीर्यात शुक्रपेशी येत नाहीत. वीर्याच्या एकूण प्रमाणात शुक्रपेशींचा वाटा अगदी थोडा असल्याने बाहेरून काही फरक कळत नाही. पुरुषत्वाची म्हणून जी लक्षणे आपण मानतो ती ज्या संप्रेरकावर अवलंबून असतात, ते या नळीतून वाहतच नाही. ते वृषणातून थेट रक्तात मिसळते आणि शस्त्रक्रियेनंतरही मिसळत राहते. थोडक्यात, ‘नस’ चुकीची आहे. ‘बंदी’चे काय, ते पुढे पाहू.

आपल्या भाषेत या विषयाचा पहिला शब्द वेगळा होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत केंद्र सुरू केले, १९२३ साली पुस्तक लिहिले, १९२५ मध्ये त्यापायी प्राध्यापकी सोडावी लागली आणि १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. त्यांचा शब्द होता ‘संततिनियमन’. नियमन हे स्वतःचे स्वतः करायचे असते. कर्व्यांच्या मांडणीत ते विशेषतः स्त्रीचे होते: मूल कधी हवे आणि हवे की नको, हे तिने ठरवायचे. त्यांनी आणि मालतीबाईंनी स्वतः मूल होऊ दिले नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये, देशाने हा कार्यक्रम हाती घेतला तेव्हा शब्द बदलला आणि ‘कुटुंबनियोजन’ झाला. नियोजन हा पंचवार्षिक योजनांचा शब्द. त्यात कर्ता कोण हे जरा धूसर होते. कुटुंब नियोजन करते, की कुटुंबाचे नियोजन कोणीतरी करते? आणि मग आणीबाणीत ‘नसबंदी’ घरोघर पोचली. दारूबंदी, जमावबंदी, संचारबंदी यांच्या रांगेतला हा शब्द. या सगळ्या बंद्या वरून येतात, त्यांचा हुकूम निघतो आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा असते. नियमन, नियोजन, बंदी: पन्नास-पंचावन्न वर्षांत निर्णय व्यक्तीच्या हातून कसा निसटत गेला, याचा इतिहास या तीन शब्दांत आहे असे मला वाटते.

या इतिहासाचा एक तुकडा माझ्या घरातला आहे आणि तो आरे कॉलनीत घडला.

आरे दुग्धवसाहत १९४९ साली वसली. शहरातल्या तबेल्यांतील गुरे बाहेर काढून गोरेगावच्या पूर्वेला डोंगरउतारावर एका जागी आणायची, तिथून मुंबईला स्वच्छ आणि स्वस्त दूध पुरवायचे, अशी ती योजना. तिचे कर्ते दारा खुरोडी यांना पुढे १९६३ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९५१ मध्ये पंडित नेहरू येऊन तिथे झाड लावून गेले. सुमारे १,२८० हेक्टरांच्या या प्रदेशात वारल्यांचे, कोकणांचे, मल्हार कोळ्यांचे पाडे आधीपासून होते; त्यांच्या मधल्या जागेत तबेल्यांची बत्तीस युनिटे आणि कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स आली. माझी काकू दुग्धविकास खात्यात कारकून होती आणि क्वार्टर तिच्या नावावर होते. १९८६ ते १९९१ या काळात, कॉलेज जवळ पडते म्हणून, मी त्यांच्याकडे राहिलो. पहाटे तीनच्या सुमारास म्हशींची दोहणी सुरू होई आणि पावसाळ्यात शेण, ओले गवत व जंगल यांचा एकत्र वास खोलीत येई, एवढे माझ्या अंगात अजून आहे. पुढचा वृत्तान्त त्या पाच वर्षांत नानांकडून, म्हणजे काकांकडून, आणि नंतर काकूकडून तुकड्यातुकड्यांनी कळलेला.

नाना शहरातल्या एका कचेरीत नोकरीला होते. १९७६ साली त्यांचे वय तेहेतीस होते, मुलगी सात वर्षांची आणि मुलगा तीन वर्षांचा. त्या वर्षी त्यांच्या कचेरीत प्रत्येकाने एकतर स्वतः शस्त्रक्रिया करून घ्यायची किंवा ‘केसेस’ आणायच्या असा तोंडी फतवा निघाला होता. ‘केस’ हा त्या वर्षाचा शब्द. शिक्षक केस आणत, तलाठी केस आणत, एकमेकांच्या केसेस पळवल्याच्या तक्रारी होत. नानांना केस आणणे जमणारे नव्हते. वेतनवाढीचा कागद टेबलावर अडून राहिला तेव्हा वरिष्ठांनी त्यांना सरळ सांगितले की तुम्हाला दोन झालीच आहेत, एक मुलगाही आहे, मग अडते कुठे? नाना एका शनिवारी गेले आणि संध्याकाळी परत आले. दोन अपत्ये असलेल्यांना त्या वेळी दीडशे रुपये मिळत. तीन असतील तर शंभर, चार किंवा अधिक असतील तर सत्तर. त्या दीडशे रुपयांत घरात प्रेशर कुकर आला. तो पुढे वीस-पंचवीस वर्षे चालला.

हे नानांचेच दुर्दैव होते असे नाही. उलट बळजबरीच्या मापात त्यांच्यावरची सक्ती सौम्यच म्हणावी लागेल. त्याच १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्ये असलेल्यांना नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. शहा आयोगाच्या अहवालानुसार १९७६-७७ या एका वर्षात देशात ८१ लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांवरच्या होत्या. महाराष्ट्राने आपले उद्दिष्ट कधीच ओलांडून आठ लाखांच्या पुढे मजल मारली. शस्त्रक्रियेशी संबंधित म्हणून नोंदल्या गेलेल्या मृत्यूंचा आकडा १,७७४ होता. हेही ध्यानात घ्यायला हवे की आणीबाणीच्या आधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, मुंबईच्या रेल्वे स्थानकांवर नसबंदीची केंद्रे चालत होती आणि गाडीसाठी आलेली माणसे तिथे जाऊन शस्त्रक्रिया करून घेत. प्रलोभन होते, पण दारात पोलीस नव्हता. पुरुषाने हे करून घेणे या देशात एकेकाळी इतके अशक्य नव्हते, हे आज सांगितले तर विद्यार्थ्यांना खरे वाटत नाही.

नानांना त्रास झाला तो शरीराचा नव्हे. जखम आठवड्यात भरली. पण कचेरीतून परतताना बसमध्ये आपल्याकडे कोणी पाहिले की त्याला कळले आहे असे त्यांना वाटे. त्यांना त्या दिवसांत आधार दिला तो शेजारच्या एका गृहस्थांनी. हे पशुवैद्यकाचे मदतनीस होते. सरकारी कागदावर ‘व्रणोपचारक’, बोलण्यात सगळ्यांचे ‘ड्रेसर’. साताऱ्याकडचे होते आणि त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. त्यांनी नानांना जे समजावले ते कोणत्याही प्रचारपत्रकापेक्षा नेमके होते. म्हशीच्या बाबतीत एक अडचण असते. पुष्कळदा तिचा माज बाहेरून दिसत नाही, ती ओरडत नाही, अस्वस्थ होत नाही. याला ‘मुका माज’ म्हणतात. तो हुकला तर वेळेवर रेतन होत नाही, आणि म्हैस गाभण राहिली नाही तर तिला रिकामे पोसणे गवळ्याला परवडत नाही. म्हणून कळपात नसबंदी केलेला रेडा सोडण्याची रीत पशुसंवर्धनात आहे. तो माजावरची म्हैस अचूक ओळखतो, तिच्या मागे जातो, पण त्याच्यापासून गर्भ राहत नाही. रेतन मग निवडलेल्या वळूच्या रेताने करता येते. खच्ची केलेला रेडा या कामाला निरुपयोगी, कारण त्याला ओढच उरत नाही. “नाना, तुम्हाला बैल नाही केलेलं,” ड्रेसर म्हणाले होते. “रेड्याचा जोर जात नाही, मग तुमचा कसा जाईल?” नाना हे सांगताना हसत. मला मात्र आता वाटते की खच्चीकरण आणि नसबंदी यांतला जो फरक साक्षर शहराला समजावता आला नाही, तो तबेल्यातल्या माणसाला कामामुळेच ठाऊक होता. फक्त एका बाबतीत ड्रेसरांची उपमा अपुरी पडते. रेड्याला कोणी विचारत नाही. नानांनाही विचारले नव्हते, आणि खच्ची झाल्याची त्यांची भावना तिथून आलेली होती. ‘खच्चीकरण’ या शब्दाचा अग्रलेखांतला अर्थ त्यांच्या बाबतीत अक्षरशः खरा होता, शरीरशास्त्रातला तेवढा खोटा.

१९७९ च्या पावसाळ्यात नानांचा मुलगा मेंदूज्वराने गेला. सहा वर्षांचा होता.

त्यानंतर दीड वर्षाने घरात ‘जोडून घेण्या’चा विषय निघाला. या शस्त्रक्रियेला मराठीत आजही रुळलेले नाव नाही. ‘पुनर्जोडणी’ असे डॉक्टर म्हणतात, लोक ‘नस जोडणे’ म्हणतात. गंमत अशी की जी क्रिया बंदी म्हणून आली तिला नाव होते, छायाचित्रे होती, भिंतींवरचा लाल त्रिकोण होता. तिच्या उलट क्रियेला नावही कोणी दिले नाही. वास्तविक या क्रियेच्या इतिहासात मुंबईचे स्थान मोठे आहे. मुंबईचे मूत्ररोगशल्यविशारद डॉ. जी. एम. फडके आणि ए. जी. फडके यांनी १९६७ साली अमेरिकेच्या ‘जर्नल ऑफ युरॉलॉजी’मध्ये शुक्रवाहिनीच्या पुनर्जोडणीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. त्यांच्या ७६ रुग्णांपैकी ८३ टक्क्यांच्या वीर्यात शुक्रपेशी परत आल्या आणि ५५ टक्क्यांना संततीची आशा लागली. सूक्ष्मदर्शकाखाली ही जोडणी करण्याची पद्धत ऑस्ट्रेलियातील ओवेन आणि अमेरिकेतील सिल्बर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळवली. त्यापूर्वीचे हे आकडे आहेत, म्हणून नंतरच्या लेखनात त्यांचा आदराने उल्लेख होत राहिला.

शस्त्रक्रियेचे स्वरूप थोडे सांगितले पाहिजे. तोडायला पंधरा-वीस मिनिटे लागतात, जोडायला दोन ते चार तास. आधीची व्रणाची गाठ काढून टाकायची, दोन्ही टोके ताजी करायची, वृषणाकडच्या टोकातून द्रव येतो का ते पाहायचे आणि मग केसाहूनही बारीक धाग्याने, अर्ध्या मिलिमीटरहूनही अरुंद पोकळीभोवती टाके घालायचे. द्रव येत नसेल तर अडथळा आणखी मागे, अधिवृषणात असतो, आणि काम अधिक अवघड होते. या साऱ्यात निर्णायक गोष्ट म्हणजे मधे गेलेला काळ. १९९१ साली अमेरिकेत सुमारे दीड हजार रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात तोडल्यापासून तीन वर्षांच्या आत जोडलेल्यांमध्ये ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्रपेशी परत आल्या आणि ७६ टक्क्यांना गर्भधारणेचे यश आले. पंधरा वर्षे किंवा अधिक काळ गेलेला असेल तेव्हा हेच आकडे ७१ आणि ३० वर उतरले. नळी बंद असताना शरीर स्वस्थ बसलेले नसते. मागे दाब वाढतो, कुठेतरी फुटते, कुठेतरी व्रण धरतो, आणि स्वतःच्याच शुक्रपेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. म्हणूनच नसबंदीपूर्वी डॉक्टर सांगतात, निदान सांगायला हवे, की ही कायमची समजूनच करा; जोडता येते यावर विसंबून करू नका.

आकड्यांच्या या जोडीकडे साहित्याच्या वाचकाने जरा थांबून पाहावे. दर वेळी दोन आकडे आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा लहान आहे. मार्ग मोकळा होणे वेगळे आणि मूल होणे वेगळे. १९८१ मध्ये नानांची पुनर्जोडणी झाली. पाच महिन्यांनी तपासणी झाली आणि डॉक्टरांनी मार्ग मोकळा झाल्याचे सांगितले. त्यांचे काम त्यांनी चोख केले होते. त्यानंतर तीन वर्षे त्या घराने वाट पाहिली. काकू तेव्हा पस्तिशी ओलांडलेली. मूल झाले नाही. नाना वैद्यकाच्या दृष्टीने पहिल्या आकड्यात होते, दुसऱ्यात नव्हते.

आणीबाणीवरचे मराठी लेखन वाचताना मला हे दोन आकडे आठवतात. आपल्या वाङ्मयीन स्मृतीतली आणीबाणी डिसेंबर १९७५ च्या कऱ्हाड संमेलनातली आहे, दुर्गा भागवतांच्या निर्भय अध्यक्षपदाची आहे. ती तुरुंगांची आहे, सेन्सॉरची आहे, सत्याग्रहींची आहे. हे सारे आपण लिहिले, आणि ते लिहिले जाणे आवश्यकच होते. लेखणीवरची बंदी उठल्यावर लेखणीने स्वतःची हकीकत सांगितली. पण ज्यांच्या शरीरावर बंदी आली त्यांच्याकडे लेखणी नव्हती, आणि ज्यांच्याकडे होती त्यांना हा विषय चारचौघांत काढण्यासारखा वाटला नसावा. हिंदीत आय. एस. जोहर यांनी १९७८ साली ‘नसबंदी’ याच नावाचा चित्रपट काढला, तोही विनोदी अंगाने. सलमान रश्दींच्या ‘मिडनाइट्स चिल्ड्रेन’मध्ये (१९८१) आणि रोहिंग्टन मिस्त्रींच्या ‘अ फाइन बॅलन्स’मध्ये (१९९५) हा अनुभव केंद्राशी येतो. मिस्त्री तर या लेखाच्या आरंभी आलेले दोन शब्द एकाच माणसाच्या देहावर आणून ठेवतात: ओमप्रकाशची आधी सक्तीने नसबंदी होते आणि मग गावच्या ठाकुराच्या सूडापोटी त्याचे खच्चीकरण. दोघेही लेखक मुंबईचे, पण भाषा इंग्रजी. मराठीत आपण अमोल पालेकरांच्या ‘ध्यासपर्व’मुळे (२००१) कर्व्यांकडे पुन्हा वळलो, हे चांगलेच झाले. मात्र कर्व्यांचे संततिनियमन आणि १९७६ ची नसबंदी यांच्यात जी दरी आहे, तिच्यात पडलेल्या माणसांकडे वळायचे राहिले. मार्ग १९७७ मध्ये मोकळा झाला. पण मोकळ्या मार्गावरून काही आपोआप येत नाही.

जे आले नाही त्याची किंमत स्त्रियांनी भरली. १९७७-७८ मध्ये देशातील एकूण शस्त्रक्रिया साडेनऊ लाखांच्या आसपास घसरल्या आणि त्यांत पुरुष दोन लाखांहूनही कमी होते. खात्याचे नाव बदलून ‘कुटुंब कल्याण’ झाले. आकडे पुढे हळूहळू सावरले, पण पुरुष परतले नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्क्यांची शस्त्रक्रिया झालेली आढळली. पतीची नसबंदी झालेली जोडपी ०.३ टक्के. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया दोहोंत सोपी. पोट उघडावे लागत नाही, भूल जागेपुरती. चीनमधील ली शुनच्यांग यांनी १९७४ साली शोधलेल्या आणि आपल्याकडे १९९० च्या दशकात आलेल्या बिनटाक्याच्या पद्धतीत तर एक छिद्र पुरते. तरीही आरेत मी राहत होतो त्या काळात पाड्यांवरून जीप भरून जात ती बायकांचीच. शिबिरांत एकेका दिवशी रांगेने होणाऱ्या या शस्त्रक्रिया थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला देविका बिस्वास खटल्यात १४ सप्टेंबर २०१६ रोजी सांगावे लागले. नानांच्या पिढीतल्या पुरुषांवर अन्याय झाला हे खरेच; त्या अन्यायाची आठवण पुढच्या पिढ्यांतल्या पुरुषांना सोयीची ठरली, हेही तितकेच खरे.

२००८ साली, एकोणचाळीसाव्या वर्षी, मी स्वतः ही शस्त्रक्रिया करून घेतली. आम्हाला दोन मुली. धाकटीच्या वेळी पत्नीची प्रकृती नाजूक झाली होती आणि तिच्यावर आणखी एक शस्त्रक्रिया नको, असे आमचे ठरले. ठरवणे सोपे नव्हते. घरातल्या मोठ्यांपैकी कोणी स्पष्ट बोलले नाही, फक्त “तिचंच करून टाकतात ना?” एवढेच दोघा-तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत विचारले. महापालिकेच्या रुग्णालयात समुपदेशक बाईंनी माझ्यापुढे संमतीपत्र ठेवले. ते मी एखादा धडा वाचावा तसा ओळीओळीने वाचला. ही पद्धत कायमची आहे हे मला समजले आहे. इतर साधने उपलब्ध आहेत हे मला सांगितले गेले आहे. कोणत्याही दबावाशिवाय मी हा निर्णय घेत आहे. शस्त्रक्रियेच्या आधी कोणत्याही क्षणी मी तो बदलू शकतो. सरकारी निकषांनुसार जोडीदाराची सही आवश्यक नसते. छापील, रूक्ष, प्रथमपुरुषी एकवचनी गद्य. पण १९७६ मध्ये नानांच्या वाट्याला न आलेले प्रत्येक वाक्य त्यात होते. शस्त्रक्रियेला वीस मिनिटे लागली. पुढे तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि वीर्यतपासणीत शुक्रपेशी नाहीत अशी खात्री झाल्यावरच निर्धास्त व्हायचे, ही सूचनाही त्यांनी दोनदा दिली. अनेक जण ती पाळत नाहीत आणि मग दोष पत्नीच्या चारित्र्याला देतात, असे त्या बाई म्हणाल्या.

नाना १९९९ मध्ये गेले होते. काकू निवृत्त होऊन बोरिवलीला राहायला गेली होती. तिला मी स्वतः जाऊन सांगितले. तिने आधी एकच विचारले, “तुला कोणी करायला लावलं?” मी नाही म्हटले. “ऑफिसातून काही?” नाही. मग ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “मग बरं केलंस.” चहा झाल्यावर, मी काही न विचारता, तिने जे सांगितले ते मी त्या घरात पाच वर्षे राहूनही ऐकले नव्हते. नानांनी तोडून घेतले ते तिला संध्याकाळी ते परतल्यावर कळले. आणि जोडून घ्यायचे ठरले ते सासूबाई, नाना आणि तिचे वडील यांच्यात ठरले. मुलगा हवा होता; मुलगी घरात होतीच. “तोडताना मला कुणी विचारलं नाही, ते सरकारचं राज्य होतं म्हणू. जोडताना तर घरचंच राज्य होतं. मला नको होतं रे आता. मला माझा तोच हवा होता, दुसरा नको होता. तीन वर्षं दर महिन्याला मी मनातून देवाला सांगत होते, नको म्हणून.”

नानांची हकीकत मी तोवर सक्ती आणि तिची भरपाई अशी वाचत आलो होतो. राज्याने मोडले, वैद्यकाने जोडले, नियतीने साथ दिली नाही: कथेसाठी हा आराखडा सुबक आहे. काकूचे हे बोलणे त्यात बसत नाही. तिच्या दृष्टीने तोडणे आणि जोडणे या उलट क्रिया नव्हत्याच. दोन्ही वेळी तिच्या देहाविषयी, तिच्या पुढल्या वीस वर्षांविषयी, दुसऱ्या कोणीतरी ठरवले होते. कर्व्यांच्या ‘नियमन’ या शब्दाचा खरा विरोधी शब्द ‘बंदी’ आहे असे मी वर सुचवले. आता असे वाटते की न विचारता केलेली ‘जोडणी’ही त्याच बाजूला जाते.

मी बी.ए.च्या वर्गाला निबंध शिकवतो. दरवर्षी कर्व्यांवर एक तास होतो आणि दरवर्षी कोणीतरी, बहुधा मुलगा, हसू दाबतो. गेली काही वर्षे मी त्या तासाला मुलांना तीन शब्द फळ्यावर लिहून देतो आणि प्रत्येकाचा कर्ता शोधायला सांगतो: नियमन कोण करतो, नियोजन कोण करतो, बंदी कोण घालतो? यंदा मागच्या बाकावरच्या एका मुलीने चौथा शब्द सुचवला. “सर, ‘ऑपरेशन’चा कर्ता कोण?” मी तो फळ्यावर लिहिला. उरलेला तास त्यावरच गेला आणि त्यात मुलगे फारसे बोलले नाहीत. पुढच्या तासाला प्रत्येकाने घरातल्या एका बाईला हा प्रश्न विचारून, तिचे नाव न लिहिता, तिच्याच शब्दांत उत्तर लिहून आणायचे ठरले आहे. वह्या अजून यायच्या आहेत.